ब्याऐंशी अंश

विक्रोळी, पार्कसाइट
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुयोग,

पत्र बघून दचकू नकोस, आप्पा बरे आहेत. खरं तर फोनच करणार होते. पण तू फोन उचलून "बोल ताई" म्हणतोस आणि मला पुढचं काही सुचत नाही. मग मी कोइमतूरच्या हवेचं विचारते, तू दिशाच्या शाळेचं सांगतोस, आणि दोन मिनिटांत आपलं बोलणं संपतं. पत्रात निदान तुला मध्येच "बरं" म्हणता येणार नाही.

काम असं आहे. आपली कॉलनी पाडायचं नक्की झालं. फेब्रुवारीअखेर सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या. घरातलं सामान काय, कुठेही नेता येईल. प्रश्न तांबडीचा आहे. ती बावीस नंबर इमारतीच्या मागे, पत्र्याखाली, जिथे होती तिथेच उभी आहे. सेक्रेटरीबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अनुपमाताई, तेवढी गाडी हलवा हां, नाहीतर बिल्डरचा माणूस क्रेनने उचलेल आणि मग मला बोलायचं नाही." कागद काढून बघितले तर गाडी अजून तुझ्या नावावर. विका, मोडीत काढा नाहीतर पुन्हा नोंदवा, सही तुझीच लागणार. आप्पांना विचारलं, काय करायचं. ते म्हणाले, "तेका विचार."

एकोणीस वर्षांत तुझ्याबद्दल ते एवढंच बोललेत.

मोडीत द्यायला माझा जीव होत नाही. म्हणून आधी ती चालते का ते बघायचं ठरवलं. दरवर्षी दसऱ्याला आप्पा तिला सुरू करायचे, कॉलनीत एक फेरी मारायचे. पण गेली चार वर्षं त्यांचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून तेही बंद होतं. धोंडूमामा दुसरी बॅटरी घेऊन आले. हो, आप्पांच्या गॅरेजमधले आपले धोंडूमामाच. आता त्यांचे केस पार पांढरे झालेत, पण वाकताना अजून बनियनमध्ये पाना खोचतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं घातलं आणि ती सुरू झाली, सुयोग! आधी खोकली, मग मागून पांढरा धूर सोडला, मग लागली. पण ठोका चुकतो. तीन ठोके पडतात आणि चौथा गळतो. भजनात एकाचाच टाळ मागे पडावा तसं वाटतं. पंधरा मिनिटांत टेम्परेचरची सुई वर चढायला लागली, तेव्हा धोंडूमामांनी बंद केली.

धोंडूमामा म्हणाले, "बाय, हिका नवीन वायरी घाल, नवीन प्लग घाल, मगे बघूया." आप्पा खुर्ची टाकून लांब बसले होते. 

तू सांग. विकायची तर विकू, पण निदान चालती विकू.

तुझी,
ताई

*

रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय सुयोग,

तुझं उत्तर मिळालं. कंपनीच्या पंपांच्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे तीन ओळी. "वायरी बदलून बघ, पण तेवढ्याने जाणार नाही. प्लग काढ, कुठला कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेव. पाणी नुसतं भरत बसू नकोस, जातंय कुठे ते शोध." ना प्रिय, ना तुझा. मी तो कागद फ्रिजवर लावलाय. आप्पा पाणी घ्यायला येतात तेव्हा तिथे जरा जास्त वेळ उभे राहतात. चष्मा नसतो, तरी उभे राहतात.

तू म्हणालास तेच खरं झालं. नवीन वायरी घातल्या, ठोका चुकतच राहिला. मग चारही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले, आकडे घालून. एक, दोन आणि चार काळपट तपकिरी. तीन नंबरचा मात्र नुकता घासून काढल्यासारखा स्वच्छ आणि जरा ओलसर. मला आधी वाटलं, हाच तेवढा चांगला आहे! धोंडूमामा कपाळावर हात मारून हसले. "अगो, तो वाफेन धुतलोहा." म्हणजे पाणी त्या सिलिंडरमध्ये उतरतं, वाफ होऊन मागच्या पांढऱ्या धुरातून जातं, आणि ठिणगी ओली होऊन त्या सिलिंडरचा ठोका गळतो. गाडी सुरू ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं (गार असताना, ओरडू नकोस) तर आतून बुडबुडे येत होते. म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट, पाणी अडवणारी ती पातळ पट्टी, पुन्हा गेलंय. २००७ साली आप्पांनी एकट्याने बदललं होतं, तेच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी रोज पोरांना सांगते की दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. घाटकोपरला जाताना बसमध्ये त्या स्वच्छ प्लगचा विचार करत होते. वाटलं, आपल्याला हे आधी का नाही शिकवलं कोणी. मग आठवलं, शिकवलं होतं. मी दहाची आणि तू सहाचा. आप्पांची गिरणी बंद होऊन ते कुर्ल्याला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये काम शिकत होते. रविवारी घरी आणून जुने पाने आपल्यापुढे पसरायचे आणि डोळे मिटायला लावायचे. "हातानं ओळख. दहाचो की बाराचो?" तू कधी चुकायचा नाहीस. मी चुकले की आई म्हणायची, "तिला सोडा, तिला पोळ्या लाटायला येतात." मला त्या वाक्याचा किती राग यायचा! आणि तू एकदा मला मुद्दाम जिंकू दिलंस, डोळे मिटून खोटंच "बारा" म्हणालास. मला कळलं होतं. आज पहिल्यांदा सांगते.

आणि तांबडी घरी आली तो दिवस. अंधेरीच्या त्या पारशी आजोबांकडून आपण दोघांनी ती चालवत आणली. तू चालवत होतास, मी कागद मांडीवर घेऊन शेजारी. पवई मागे पडेपर्यंत तू अगदी शहाण्यासारखा चाललास. मग रस्ता मोकळा मिळाला आणि तू म्हणालास, "ताई, ऐक हां आता." इंजिनाच्या फेऱ्यांची सुई सात हजारांकडे गेली आणि तिचा आवाजच बदलला. गाणारा माणूस छातीतून वर टिपेला जातो तसा. मी किंचाळले आणि तू हसत होतास. तसं हसताना मी तुला नंतर फक्त घाटाच्या रस्त्यावर, शर्यतीच्या सरावाच्या वेळी पाहिलं.

धोंडूमामा पुढच्या आठवड्यात हेड उतरवतील. लिहीन.

ताई

*

रविवार, २१ डिसेंबर

प्रिय सुयोग,

हेड उतरवलं. तीन नंबरच्या कडेला गॅस्केट जळून काळं झालं होतं, नखाएवढीच जागा. एवढ्याशा जागेने केवढं काय केलं. हेड अंधेरीला नेऊन सपाट करून आणलं, नवं गॅस्केट बसवलं, प्लगही नवे. गेल्या गुरुवारी सुरू केली. चारही ठोके! मी बोनेटवर हात ठेवून उभी राहिले, तर धोंडूमामा म्हणाले, "काय गो, ताप बघतंस?" आप्पा खुर्चीतून उठून चार पावलं पुढे आले. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "टायमिंग बरा आसा," आणि परत जाऊन बसले.

पण गोष्ट संपली नाही. कॉलनीच्या आत, पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आठवतो ना, जिथे तू सायकल शिकलास? तिथे नेली. सपाटीवर सुई शहाणी असते, उलट जरा खालीच राहते. पण पहिल्या गिअरमध्ये, जोर लावत चार-पाच वेळा चढ-उतार केला की सुई वर सरकते, आणि सरकायला लागली की थांबत नाही. लाल रेषेच्या अलीकडे मी बंद केली.  तुझ्या सीटवर बसून तीच सुई वर जाताना बघणं सोपं नव्हतं.

पंखा चालतो. रेडिएटर धुऊन घेतलाय. पंप बदललाय. तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस त्याप्रमाणे बंद केल्यावर रेडिएटरच्या पाइपांवर हात ठेवून पाहिलं. इंजिन एवढं तापलेलं आणि खालचा पाइप कोमट. म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातच नाहीये. मग धोंडूमामांनी थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. दोन बोल्ट, दहाचे. (डोळे मिटून ओळखले.)

आत काहीच नव्हतं. रिकामं.

धोंडूमामांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "ऊन लागता," आणि घरी गेले.

आता काय करू?

ताई

*

रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय सुयोग,

नवीन वर्ष तुला, क्षमाला आणि दिशाला सुखाचं जावो.

तुझं पत्र आलं. या वेळी अर्धं पान! ते थर्मोस्टॅटचं तू इतकं सोपं करून लिहिलंस की मी ते प्रयोगशाळेत पोरांना सांगितलं. म्हणजे मला समजलं ते असं. ती एक झडप असते. पाणी गार असेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी आडवाटेने इंजिनातच फिरत राहतं. तापलं की झडप उघडते, आणि तिच्या मागची दुसरी चकती ती आडवाट बंद करते. झडपच काढून टाकली तर आडवाट कायमची उघडी. निम्मं पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. सपाटीवर ते खपून जातं, घाटात नाही.

शेवटी तू विचारलंस, "मी शर्यतीच्या आधीच्या रविवारी नवा बसवला होता. ८२ अंशांचा. तो कुठे गेला?"

मला माहीत नाही. मध्ये कधीतरी दुरुस्तीत निघाला असेल. जुन्या गोष्टी कोणाच्या लक्षात राहतात. धोंडूमामांनी नवा आणायचं कबूल केलंय.

बाकी ठीक. शेजारच्या शकुमावशी त्यांच्या मुलाकडे बोरिवलीला गेल्या. जाताना तुळस माझ्याकडे देऊन गेल्या. आप्पांचा खोकला कमी आहे. थंडी यंदा बरी पडली, पहाटे पंखा बंद करावा लागतो.

ताई

*

रविवार, ११ जानेवारी

सुयोग,

मागचं पत्र टाकलं आणि त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. ते फाडून टाक. म्हणजे फाडू नकोस, ठेव, पण त्यातली एक ओळ खोटी आहे. "मला माहीत नाही" ही.

मला माहीत आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तू नंबराचे स्टिकर आणायला मुलुंडला गेला होतास. मी डबा घेऊन गॅरेजमध्ये आले. आप्पा तांबडीवर वाकलेले. मला म्हणाले, "ती परात धर खाली." मी धरली. हिरवं पाणी परातीत सांडलं, आणि त्यांनी ती झडप काढून माझ्यापुढे नाचवली. "ह्या बघ. मुंबईत खंयची थंडी? ह्यो कित्याक होयो? उगाच पाण्याची वाट अडवता. पन्नास टॅक्सींचे काढून टाकलंय, एक तापूक नाय." खूश होते रे. तुझ्या गाडीसाठी आपण काहीतरी करतोय म्हणून खूश होते. मग म्हणाले, "तेका सांगा नको. तो पुस्तक वाचून गाडी दुरुस्त करता, उगाच वाद घालीत." मी हसले. मला वाटलं, बापलेकांचं नेहमीचं. मी परात धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी घाटात काय झालं ते तुला मी काय सांगू. मी वरच्या वळणावर चहाचा थर्मास घेऊन उभी होते. तुझा आवाज खालून येत होता, ती टीप, आणि मग मध्येच तो तुटला. वाफेचा ढग आधी दिसला, तू नंतर. कोइमतूरहून तुला बघायला आलेला तो रेसिंग टीमचा माणूस माझ्या शेजारीच होता. त्याने वही मिटली. आणि आप्पा धावत आले आणि सगळ्यांसमोर, त्या सगळ्या पोरांसमोर आणि त्या माणसासमोर ओरडले, "सुई बघायची अक्कल नाही आणि चालला रेस करायला! इंजिन जाळलंस!" एरवी घरात मालवणी बोलणारा माणूस, पण ते वाक्य त्यांनी मुद्दाम सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हटलं.

तू हेल्मेट हातात घेऊन उभा होतास. तुझे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

संध्याकाळी गाडी दोरीने ओढून खाली आणल्यावर तू माझ्याकडे आलास. म्हणालास, "ताई, सुई मी बघत होतो गं. ती एकदम चढली. काल मी नसताना कोणी इंजिनाला हात लावला का?"

आणि मी म्हणाले, "नाही."

आप्पा पाच पावलांवर उलट्या डब्यावर बसले होते, त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, तुझ्याकडेही नाही. तुला खरंच सांगते, तेव्हा मला त्या झडपेने असं होतं हे कळत नव्हतं, आप्पांनाही नव्हतं. या आधारावर मी एकोणीस वर्षं काढली. पण तू मला झडपेचं विचारलंच नव्हतंस. हात लावला का, एवढंच विचारलं होतंस. त्याचं उत्तर मला माहीत होतं.

मला वाटलं, आठ दिवसांत निवळेल, मग सांगू. महिन्याने तू गेलास. त्याच कोइमतूरला, पण गाडीसाठी नाही, पंपाच्या कारखान्यात. आईच्या दिवसांना आलास तेव्हा मी ठरवलं होतं. तू दहाव्याला गच्चीवर एकटा उभा होतास. मी वर आले आणि विचारलं, "चहा घेतोस?"

तू नंतर कधी गाडी चालवली नाहीस असं क्षमा म्हणाली होती एकदा. ऑफिसला बसने जातोस. कोणी विचारलं तर म्हणतोस, "मला तापमान कळत नाही." तिने ते गंमत म्हणून सांगितलं.

तुला तापमान कळत होतं, सुयोग. सुई तू बघत होतास. चूक तुझी नव्हती.

यावर तू मला काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई

*

रविवार, ८ फेब्रुवारी

सुयोग,

चार आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. मी म्हटलं होतं चालेल, पण रोज संध्याकाळी जिना चढताना पेटीत हात घालते. सही करून फॉर्म तरी पाठवशील असं वाटलं होतं. तोही नाही. आता वीस दिवस राहिलेत.

हे पत्र तू वाच. माझ्यासाठी नाही.

तुला पत्र टाकल्यावर आठवड्याने मी आप्पांना सांगितलं की मी सुयोगला सगळं लिहिलंय. ते टीव्ही बघत होते. त्यांनी टीव्ही बंद केला. मग उठून देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि तो पिवळा डबा काढला. खंडेनवमीला ज्यातून पाने काढून पाटावर मांडतात, तो. तुला आठवतं, दहाचा, बाराचा, ती मोडकी पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल? तू गेल्यापासून त्या पाटावर उजव्या कोपऱ्यात एक चकती असायची, स्प्रिंग असलेली. दरवर्षी मी तिला हळदकुंकू लावलंय. इतके थर बसलेत की ती काय आहे ते कळतच नव्हतं. मला वाटायचं, टॅक्सीचा काहीतरी जुना भाग असेल, पहिल्या कमाईची आठवण वगैरे. कधी विचारलं नाही.

आप्पांनी ती माझ्या हातावर ठेवली.

तू गेल्यावर दोन वर्षांनी अशीच एक गाडी त्यांच्याकडे आली म्हणे, घाटात तापते म्हणून. तीन मेकॅनिक थकले होते. तिचीही झडप कोणीतरी काढून टाकलेली. अंधेरीच्या एका तरुण मेकॅनिकने त्यांना आडवाटेचं समजावून सांगितलं. मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलं त्याला?" ते म्हणाले, "तू कित्याक नाय सांगलंस?"

 

मग काल शनिवारी मी कॉलेजमधून थर्मामीटर घरी आणला. ती चकती चिंचेने घासली. हळदीचा थर निघता निघत नव्हता, बोटं पिवळी झाली. खालून पितळ वर आलं आणि कडेला बारीक ठसा दिसला, ८२. दुधाच्या पातेल्यात पाणी घेतलं, दोऱ्याने बांधून चकती आत सोडली, गॅस लावला. आप्पा स्टूल ओढून ओट्याशी बसले. ऐंशीला काही नाही. एक्क्याऐंशी, काही नाही. ब्याऐंशीलाही काही नाही, आणि मी गॅस बंद करायला हात पुढे केला. आप्पा म्हणाले, "थांब. घाई करू नको." त्र्याऐंशीला तिच्या कडेने रेघ दिसली, केसाएवढी. मग ती हळूहळू उघडली. पूर्ण. आतली स्प्रिंग दबली, मागची चकती खाली सरकली, तू पत्रात चित्र काढून दाखवली होतीस तशीच.

एकोणीस वर्षं खणात राहून फक्त एका अंशाने उशीर.

आप्पांनी गॅस बंद केला. पाणी निवत गेलं तशी ती मिटली. ती पूर्ण मिटेपर्यंत ते बघत होते. मग म्हणाले, "लिही." मी कागद घेतला. ते म्हणाले, "लिही, तेची चूक नाय होती. हात माझो होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि सगळ्यांसमोर बोललंय, ता पण लिही." मी विचारलं, "काय लिहू? माफ कर असं?" ते चिडले. "तू तुझा शहाणपण घालू नको. सांगलंय तेवढाच लिही."

म्हणून तेवढंच लिहिलंय.

धोंडूमामांनी नवा थर्मोस्टॅट आणलाय, बसवायला आले होते. आप्पांनी बसवू दिला नाही. "ज्याना बसयलो होतो, तोच बसयत." हाउसिंग उघडंच आहे, त्यावर स्वच्छ फडकं घातलंय. दोन बोल्ट वाटीत आहेत. जुना आणि नवा दोन्ही शेजारी ठेवलेत. कुठला घालायचा ते तू ठरव. किंवा सही करून फॉर्म पाठव, मग मी क्रेनला फोन करते. तेही चालेल, खरंच.

ताई

*

शनिवार, २१ फेब्रुवारी

सुयोग,

हे पत्र टपालात टाकत नाही. तांबडीची ड्रायव्हरकडची झाप, उन्हासाठीची ती खाली येते ना, तिच्यामागे खोचून ठेवतेय. तू टोलच्या पावत्या तिथेच कोंबायचास. सीटवर बसलास की सवयीने ती खाली करशील, आणि हे तुझ्या मांडीवर पडेल. तू समोर असताना हे मला तोंडाने सांगता येणार नाही. मी पुन्हा चहाच विचारीन.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी "बोल" म्हणाले आणि या वेळी तुला काही सुचेना. मला तुझा श्वास ऐकू येत होता, मागे तुमच्या तिथल्या बसचा हॉर्न.  मग तू म्हणालास, "हाउसिंगला सीलंट फासू नका, नुसती रिंग पुरते. मी शनिवारी येतोय." आणि ठेवलास. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "रिंग नवीन आसा काय?" मी म्हटलं, "आहे." "मगे बरा."

तुला माझा राग आला असेल, आहे, राहील. मी तो घालवायला काही करणार नाही. तू यावंस म्हणून मी खरं सांगितलं असंही समजू नकोस. तू आला नसतास तरी ते तुझंच होतं, मी उगाच इतकी वर्षं माझ्याकडे ठेवून बसले.

आज पहाटे उठून बघते तर आप्पांची खाट रिकामी. खिडकीतून पाहिलं तर ते पत्र्याखाली. काठी बोनेटला टेकवलेली, दार उघडं, आणि ते गुडघे वाकवून, कसेबसे, तुझ्या सीटवर बसलेले. मी खाली गेले नाही. अर्ध्या तासाने वर आले, हात धुतले, चहा मागितला, आणि दाढीचं सामान काढून बसले. आज शनिवार आहे, दाढी ते रविवारी करतात.

ते आंघोळीला गेल्यावर मी हे पत्र ठेवायला खाली आले. बोनेटवर धूळ आहे, पिंपळाची पानं पडलीत. शेजारच्या सीटवर, स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, सगळीकडे बोटं उमटतील एवढी धूळ आहे. फक्त टेम्परेचरच्या सुईवरची काच लख्ख पुसलेली आहे.

मी पुसलेली नाही.

ताई